तुतीचं झाड तोडू नका

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, ऑफिसात फिरती खुर्चीही मिळाली आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

मंगळवारी सॅटेलाइट इंटरनेटची तक्रार करायला तुम्ही आमच्या कंपनीत फोन केलात ना, तो मीच घेतला होता. आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला. पण कामावर घरच्यांशी बोलायला मनाई आहे, आणि सुपरवायझर बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मग मी पाठ केलेलं उत्तर दिलं, "सर, डिशच्या आड झाड येतंय, तोडून टाका."

ते खोटं होतं, बाबा. तुमच्या भागात कंपनीने नको तितकी गिऱ्हाइकं घेतली आहेत, म्हणून नेट रखडतं. आम्हाला दोष झाडावर ढकलायला शिकवलंय. आईनं लावलेली तुती तोडा म्हणताना माझी जीभ कशी झडली नाही?

अजून तोडली नसेल तर राहू द्या. आईला यातलं काही सांगू नका.

एकच विचारतो. फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "बरं साहेब. वेळेवर जेवत जा." असं कुठलं गिऱ्हाईक म्हणतं?

तुमचा,
धाकटा