शाळेखालून नेलेली रेघ

बसवनगुडी, बंगळूर
मार्च १९५८

प्रिय क्षमा,

तुझं खोरं मी पाहिलेलं नाही, पण ऑफिसात त्याचा नकाशा गिरवून गिरवून पाठ झालंय. नदी दोन डोंगरांमधून उतरते, तुझ्या गावाला वळसा घालते आणि खाली खिंडीत इतकी अरुंद होते, की तिथंच धरण बांधणार आहेत. पाणी कुठवर चढेल ती निळी रेघ मला ओढायची होती. तू शिकवतेस ती शाळा पाण्यात जात होती.

"अण्णा, इथं शाळा आहे," मी आमचे हेड ड्राफ्ट्समन भीमाचार्य यांना म्हणालो.

"सरी, बरं, मग? पाणी काय हेडमास्तरांना विचारून येतं? ओढ मुकाट्यानं!"

माझं डोकं फिरलं. त्या शाळेची कौलं पोरांनी डोक्यावरून वाहिली, असं तू लिहिलं होतंस. मी ब्लेडनं शाई खरवडली आणि रेघ शाळेच्या खालून नेली; नकाशात शाळा कोरडी राहिली.

आता भानावर आलोय. उद्या नकाशा कलेक्टरकडे जाईल. रेघेच्या आतल्यांनाच उठायची नोटीस मिळेल, तुम्हांला नाही. आणि पाणी काही माझी रेघ मानणार नाही.

आत्ता अण्णांना सांगायला जातोय. नोकरी जाणार. कॉलेज सोडलंस ते सोडलंस, निदान नोकरी टिकव, मग लग्नाचं बघू, असं तुझे आप्पाजी मला म्हणाले होते. तेही संपलं.

हे पत्र टाकणार नाही. तुला नोटीस गावाबरोबरच मिळू दे. तुझ्या एकटीचा विचार करूनच तर ही चूक केली.

तुझा, संध्याकाळपर्यंत बहुधा बेकार,
विश्वेश्वर