भोसरीची साखळी

क्वेकर्स हिल, सिडनी
४ मे २००८

ती. दादास,
विनिताचा सा. न. वि. वि. विशेष म्हणजे माझं डोकं फिरलं आहे.

सोबत दोन दोरे पाठवते आहे. पांढरा हृषीच्या गाडीच्या टायरच्या घेराचा, लाल रुंदीचा. रविवारी सकाळी गाऊनवर ड्राइव्हवेत उकिडवी बसून मी टायरला दोरा गुंडाळत होते. समोरची बाई कुत्रं फिरवताना थांबली आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेली. तिला काय सांगू, वटपौर्णिमा लवकर आली म्हणून?

अरे, जुलैत तुम्ही याल तेव्हा इथे हिवाळा असेल, पण बर्फाच्या वाटेवर इथे साखळ्या भाड्याने मिळतात. चाक घसरू नये म्हणून टायरला गुंडाळायची, एवढंच काम असतं तिचं. माप सांगितलं की दुकानदार बरोबर काढून देतो, चढवायची कशी तेही दाखवतो. सगळं सिडनी तसंच जातं. पण माझ्या भावाला साखळी पुण्यात करून घ्यायची आहे आणि विमानाने आणायची आहे. कारखान्यात तपासणी करून रिटायर झालास तो तू, शिक्षा आम्हाला का?

तुझा मुलगाही तुझाच. मास्टर्स करायला आला आणि महिन्याभरात ब्लॅकटाउनच्या घरातल्या पोरांबरोबर ही खटारा गाडी घेऊन बसला. इथे दर आठवड्याला कुणाचा तरी भाचा-पुतण्या उतरतो आणि हेच करतो. बाकी पोरगा कष्टाळू आहे, पेट्रोल पंपावर शिफ्ट करून अभ्यास करतो. आईला बर्फ दाखवायचा म्हणून पैसे साठवतोय.

दादा, एकच मागते. या वेळी वहिनीचा बर्फ बुडवू नकोस. लग्नानंतर मनाली ठरलं, तर तुझ्या कारखान्यात तपासणी निघाली. हृषीच्या मुंजीनंतर ठरलं, तर होल्डॉलचे पट्टे कच्चे आहेत म्हणून तू ते बदलत बसलास आणि गाडी चुकली. आता दिवाळीनंतर तिचे दोन्ही गुडघे बदलायचे म्हणतात. मग कुठला बर्फ आणि कुठलं काय!

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव, दोरे परत पाठवू नकोस.
विनिता


पुणे
२१ मे २००८

चि. सौ. विनिता हीस,
अनेक आशीर्वाद. दोरे पोचले. लाल दोऱ्याची गाठ सैल होती, पण मी अंदाज घेतला.

आयत्या वेळी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची आपल्या घरात पद्धत नाही. भोसरीच्या गणेशने साखळी केली. आमच्या कारखान्याला तो वर्षानुवर्षं माल देत असे, माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे. पहिला जोड मी नापास केला, दुसरा दोऱ्याला तंतोतंत बसतो. वजन जरा भरलं. रेखा चकलीच्या डब्याचं काय म्हणून विचारत होती. मी म्हटलं, चकली काय चाक धरून ठेवणार आहे? शेवटी लाडवांचा एक स्टीलचा डबा मंजूर केला आहे. तिने साखळीला हळदकुंकू लावून अक्षताही वाहिल्या.

हृषीला माझ्या वतीने खडसावून सांग. त्याने फोटो पाठवलाय, त्यात टायरवर नक्षी म्हणून शिल्लक नाही, माझ्या टाळूसारखा गुळगुळीत झालाय. असल्या टायरवर माझी बायको बर्फात जाणार नाही. आम्ही यायच्या आत चारही टायर नवे पाहिजेत. त्याची परीक्षा आहे वगैरे कारणं ऐकणार नाही.

विवेकरावांना नमस्कार, उर्वीला मामाकडून गोड पापा. माझ्यावरचा राग थोडा राखून ठेव, तिकडे आलो की लागेल.
भास्कर


क्वेकर्स हिल
८ जून २००८

ती. दादास,
सा. न. वि. वि. हृषीने टायर बदलले. परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलले, झालं समाधान?

आता पुढचं नीट वाच. दुकानात जुन्या मापाचे नव्हते, म्हणून त्याच चाकावर बसणारे पण जरा उंच, जाडजूड असे त्याने घेतले. बाबा खूश होतील म्हणाला. म्हणजे ते दोरे आता फुकट गेले. तेव्हा ती साखळी घरी ठेव आणि वहिनीच्या चकल्या आण. तुला हे सांगायची हृषीची हिंमत नाही, तुझ्यासमोर तो अजून दहावीतलाच असतो. म्हणून मी सांगते आहे.

विमानतळावर घ्यायला येऊच. तोपर्यंत लोभ आणि थोडी अक्कल, दोन्ही असू दे.
विनिता


क्वेकर्स हिल
२२ जुलै २००८

ती. दादास,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. पण फोनवर तू नुसता हॅलो हॅलो करतोस, आणि मला उत्तर हवं आहे.

साखळी तू आणलीसच. विमानतळावर त्या क्वारंटाइनच्या बाईने बॅग उघडून, बाहेरचं धान्य इथे चालत नाही म्हणून, कड्यांत अडकलेल्या अक्षता चिमट्याने एकेक करून काढल्या, तेव्हा वहिनीला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते तिने मला सांगितलं. निघायच्या आधी ड्राइव्हवेत एकदा चढवून बघ म्हणून मी तुझ्या पाया पडायची बाकी होते. तुझं आपलं एकच, की पास झालेला माल पुन्हा तपासायचा नसतो. मला शिफ्ट बदलून मिळाली असती तर मी स्वतः आले असते आणि ती साखळी वाटेत फेकून दिली असती.

बर्फावरून परत आलात ते चौघंही मुके होऊन. तुझ्या बोटांना फडकी, हृषीचं तोंड एवढंसं, आणि वहिनी मात्र गालातल्या गालात हसतेय. दुसऱ्या सकाळी तुमचं विमान. उर्वीला विचारलं, तर आस्क मामा म्हणाली आणि दार लावून घेतलं. हृषी म्हणतो, नो वरीज, आत्या. अरे, मला आहेत ना वरीज!

वहिनीने बर्फ पाहिला की नाही, एवढं सांग. बाकी पाल्हाळ नको.
तुझीच, पण वैतागलेली,
विनिता


पुणे
५ ऑगस्ट २००८

चि. सौ. विनिता हीस,
अनेक आशीर्वाद. साखळी उत्तम होती. टायर चुकीचे होते.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा मी बॅगा भरत होतो. टायर बदलले एवढं वाचून समाधानाने घडी घातली. पुढचं इथे परत आल्यावर वाचलं, आणि तिकडे तू तोंडाने सांगितलंस तेही कानाआड केलं. हे मान्य करतो, पण गणेशच्या मालाला कोणी नाव ठेवलेलं मला चालणार नाही.

साखळ्या चढवायची जागा आली. रस्त्याच्या कडेला सगळे भराभर चढवून वर जात होते. आमची साखळी चार बोटं कमी पडली. मी टायरमधली हवा थोडी सोडून पाहिली, तारेने जोडून पाहिली, एक कडी पक्कडीने उघडून पाहिली. हृषीने दोनदा सुचवलं की खाली गावात जाऊन भाड्याची आणू. पाच मिनिटं थांब म्हणालो. या गडबडीत रेखा गाडीत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढचं तीच लिहिते आहे. मला वाचू देत नाही. जे लिहील ते खरं धरून चाल, आणि माझ्याविषयी फार वाईट मत करून घेऊ नकोस.
भास्कर


त्याच पाकिटात

प्रिय विनू,
सप्रेम आशीर्वाद. तुझ्या दादांनी काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, पण साखळी उत्तम होती असं पहिलं वाक्य असणार.

मी गाडीत बसून ह्यांचे पाय बघत होते. लग्न झाल्यापासून तेच बघतेय बाई, कधी पलंगाखालून, कधी माळ्यावरून, आता गाडीखालून. वर सगळा डोंगर पांढरा दिसत होता आणि मी काचेच्या आत. इतक्यात वर जाणारी बस शेजारी थांबली. तुमच्या सिडनीतल्या गिरावीन भागातलीच कोणी लीना म्हणून होती, तिने खिडकीतून हिंदीत विचारलं की आंटी, येता का, जागा आहे. मी लाडवांचा डबा उचलला, उर्वीचा हात धरला आणि चढले. हृषीला खुणेने सांगितलं. ह्यांना विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा न विचारता गेले.

विनू, बर्फ पांढरा असतो हे ठाऊक होतं. पायाखाली करकरतो, हे कोणी सांगितलं नव्हतं गं. कोरडा साबुदाणा तुडवल्यासारखा. मी बसले, मुठी भरभरून घेतला, तोंडात घातला आणि रडले. उर्वी घाबरली, मामी, आर यू ओके म्हणत राहिली. उरलेले लाडू बसमधल्यांना वाटले आणि डबा बर्फाने भरून घेतला.

खाली आले तर हे तिथेच, हात रक्ताळलेले. माझ्यावर डाफरायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी डब्याचं झाकण काढलं. अर्धं पाणी झालं होतं. ह्यांनी सोललेली बोटं त्यात बुडवली. मग विचारलं, वर खूप आहे का. मी म्हटलं, नजर पोचेल तिथवर. तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले की तू घसरशील या भीतीने मी एवढं सगळं केलं, आणि तू माझ्याशिवाय जाऊनही आलीस. मला राग होता विनू, खूप जुना. तिथे तो गेला. एकटीने पाहिला याचं मग मलाच वाईट वाटलं. पण वरचा रस्ता तोवर बंद झाला होता. तुला कोणी सांगितलं नाही, कारण ह्यांना रडताना मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आता नवं ऐक. डॉक्टरांना विचारून गुडघे पुढच्या वर्षावर ढकललेत, पुढच्या जुलैत पुन्हा येतोय. काल सकाळी हे दोरा घेऊन माझ्या पावलाशी बसले. दुसऱ्याचे बूट घालायचे नाहीत म्हणे, भोसरीत ह्यांच्या ओळखीचा एकजण आहे. मी पाय ओढून घेतला. सांगितलं, बूट भाड्याचे, साखळी भाड्याची, नाहीतर मी आपली बसने जाईन. कुरकुरले, पण हो म्हणाले. मग जरा वेळाने विचारतात, बसमध्ये शेजारी जागा असेल का?

दोरा मी जुईच्या गजऱ्याला वापरून टाकला. लोभ आहेच, तो तेवढा मापायला जाऊ नकोस.
तुझी वहिनी,
रेखा