चंद्रा ब्युटी पार्लर : आता पुरुषांसाठीही

३ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. मन मोकळं करण्यासाठी नाही. बायकोचं पार्लर पुन्हा सुरू करतो आहे, त्याची नोंद हवी. चंद्रावती गेली त्याला एक जूनला तिथीने वर्ष होईल. मी सावरलो आहे. काही लोक सावरत नाहीत, तसे नातेवाइकांत पाहिले आहेत.

निकेशचं म्हणणं, गाळा भाड्याने द्या, झेरॉक्सवाला मागतोय. मी म्हणालो, वर्षश्राद्धापर्यंत थांब. तोवर पार्लर चालताना दिसलं नाही तर किल्ली तुझ्या हातात देईन. तो म्हणाला, पप्पा, पण चालवणार कोण? योजना पूर्ण झाल्याशिवाय मुलाशी चर्चा नको.

४ मे
पाटीखाली कागद चिकटवला : आता पुरुषांसाठीही वॅक्सिंग. बायकांचं काम मला जमणार नाही हे उघड आहे. पण हल्ली गावोगावी जिम झाल्या आहेत आणि तिथली मुलं छाती गुळगुळीत ठेवतात. हे निकेशच्याच मोबाइलवर पाहिलं. म्हणजे मार्केट तयार आहे.

अनुभवाचा प्रश्न नाही. तीस वर्षं तळोज्याला रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. दाट पदार्थ पातळ आणि एकसारखा कसा पसरवायचा हे मला कुणी शिकवायला नको. वॅक्स म्हणजे शेवटी रंगच. फक्त लावून लगेच काढायचा.

५ मे
तिचा हीटर बिघडलेला आहे. लावून पाहिला नाही, पण वर्षभर बंद असलेलं यंत्र बिघडतंच. आतलं वॅक्स गोठलं आहे, त्यात तिची लाकडी काडी उभीच्या उभी. तो कपाटावर ठेवला आणि बाजारातून नवीन आणला. दुकानदाराने विचारलं, मिसेससाठी का? हो म्हणालो. उगाच लांबण नको.

६ मे, दुपार
पहिली चाचणी. स्वतःच्या उजव्या पोटरीवर. निकेशला विचारलं होतं, पण त्याला अचानक ऑफिसचं काम निघालं. रविवारी.

पावडर भरपूर लावली. वॅक्स केसांच्या दिशेने पसरवलं, वर कापडी पट्टी दाबली. पट्टी ओढली. पट्टी आली. वॅक्स आणि केस जागेवरच राहिले.
पावडर जास्त झाली असावी.

६ मे, संध्याकाळ
वॅक्स पाण्याने निघत नाही. खोबरेल तेलाने निघतं. पँटवरचं तेलानेही निघत नाही.

८ मे
सूचना लिहायला घेतल्या. पुढे कामाला मुलं ठेवावी लागतील, त्यांच्यासाठी. पावडर चिमूटभर. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर तपासावं. केस बोटाच्या पेरभर लांब असतील तर आधी कात्रीने कमी करावेत. एका हाताने कातडी ताणून धरावी. पट्टी केसांच्या उलट दिशेला, कातडीला लागून, एका झटक्यात ओढावी. सरळ वर ओढू नये.
शेवटची सूचना मांडीच्या मागच्या चाचणीतून आली. ती लिहिताना खुर्चीत बसलो नव्हतो. उभा होतो.

मनगटावर फोड आला आहे. तपासणी यशस्वी, म्हणजे वॅक्स खरोखर गरम होतं.

१० मे
पोटरीवर एक चौकोन पूर्ण साफ. कडा सरळ. कारखान्यात असता तर पास केला असता.
हाफ पँट घालून वडाळे तलावावर फिरायला गेलो. एकाने विचारलं, काका, सायलेन्सरला भाजलं का?

१२ मे
चंद्रावतीच्या धंद्यातल्या चुकांचा विचार केला. राग नाही, केवळ अभ्यास. सगळ्यात मोठी चूक ही की ऐन लग्नसराईत ती गिऱ्हाईक परत पाठवायची. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असायचो, बाहेरून तिचा आवाज यायचा. अगं, हळद आजच ना, मग आज नाही लावणार, परवा झोपली होतीस का? असं बोलल्यावर कोण परत येणार? तरी त्या यायच्या. त्याचं कारण मला कधी कळलं नाही. बहुधा गाळा सोयीच्या जागी आहे.

१४ मे
पहिलं गिऱ्हाईक! कोन गावच्या शोभाताई, चंद्रावतीच्या जुन्या. दार उघडून आत पाहिलं आणि तिच्या खुर्चीकडे बघत उभ्याच राहिल्या. मग कागद वाचला. म्हणाल्या, भाऊ, तुमी करनार? खरंच? मी म्हणालो, पूर्ण शास्त्रीय पद्धतीने.
त्यांचा मुलगा परेश, त्याचं लग्न आहे. हळदीला उघडं बसायचं, फोटो निघणार, ड्रोन पण हाय म्हणाल्या. पोराच्या छातीवर नुसतं जंगल. चंद्राताईच्या दुकानातूनच करायचं अशी त्यांची इच्छा. अठरा तारखेला हळद. त्याच दिवशी दुपारी या म्हणालो. ताजं काम फोटोत चांगलं दिसतं.
शोभाताई म्हणाल्या, त्याच दिवशी? चालंल ना? मी म्हणालो, आता पद्धती बदलल्या आहेत.

१५ मे
एक अडचण. वर्षाच्या आत आम्हाला शुभकार्यात भाग घेता येत नाही. नवरदेवाचं वॅक्सिंग शुभकार्यात येतं का? निकेशला विचारलं. तो म्हणाला, नाही पप्पा, ते मारहाणीत येतं.
म्हणजे अडचण नाही.

१८ मे, सकाळ
सगळी तयारी झाली. पट्ट्या कापल्या, टॉवेल, पावडर, कोरफड जेल. हे काम नीट झालं तर कोनची सगळी लग्नं इकडे येतील. निकेशला झेरॉक्सवाल्याला नकार कळवावा लागेल. काल रात्री त्याने विचारलं, पप्पा, टेन्शन आलंय का? टेन्शन परेशला यायला हवं.

१८ मे, दुपार
परेश दोन मित्रांना घेऊन आला. उंच, दणकट, व्यायामाचा. मित्रांनी मोबाइल काढून तयार ठेवले. मी केस कापले, पावडर चिमूटभर, मनगटावर तपासणी. सगळं सूचनांप्रमाणे.
पहिली पट्टी ओढली. परेश म्हणाला, आयो! दुसरीला म्हणाला, काका, लगीन माझा हाय, मयत नाय. एक मित्र म्हणाला, परेश, पोरगी नाय म्हनाली असती तर बरा झाला असता रे. चौथ्या पट्टीला परेश उठला आणि टॉवेल गुंडाळून दारात जाऊन उभा राहिला. डावी बाजू झाली होती. उजवी तशीच.
मी समजावलं की अर्धं काम कारखान्यातही पाठवत नसत. तो म्हणाला, काका, मी उजवी बाजू हातानं झाकून बसंन.
एकूण निकाल समाधानकारक. पन्नास टक्के.

१८ मे, संध्याकाळ
हळदीला गेलो नाही, वर्षाच्या आत जायचं नसतं. पण बेंजोचा आवाज येतोय का ते गच्चीवर जाऊन पाहिलं. कोन इथून लांब आहे, हे गच्चीवर गेल्यावर लक्षात आलं.

१९ मे
शोभाताई आल्या. उद्या लग्न, तरी आल्या. अंगाला हळद, डोळे लाल.
घडलेलं असं. परेश पाटावर बसला. बायकांनी पहिली हळद लावली. ताज्या सोललेल्या कातडीत ती अशी झोंबली की तो पाटावरून उडाला आणि मांडवात गोल गोल धावायला लागला. बेंजोवाल्यांना वाटलं नवरा नाचतोय. त्यांनी वेग वाढवला. मग सगळं गाव नाचायला उतरलं, आणि नवऱ्याला मध्ये धरून प्रत्येकाने मूठ मूठ हळद चोळली. शेवटी त्याने पाण्याच्या पिंपात बसकण मारली.
आता डावी बाजू लाल, वर पुळ्या, पुळ्यांत हळद. दोनदा साबण लावला, जात नाय. उजवीकडे केस. शोभाताई म्हणाल्या, ड्रोनवाला सांगतो, वरनं बघितला तर झेंडा वाटतोय.
मी म्हणालो, कोरफड जेल लावा.
त्या भांडायला आल्या होत्या. पण तिच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, चंद्राताईनं हलदीच्या दिवशी कंदी हात नाय लावला. मी भांडायची तिच्याशी. माझ्या लग्नात मला घरी हाकलली होती तिनं. आणि रडायला लागल्या.
मी पावडरचा डबा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला.
जाताना त्यांनी पिशवीतून लाडू काढून ठेवले.

२० मे
सूचनांत भर : हळदीच्या दिवशी वॅक्सिंग करू नये. किमान दोन दिवस आधी.
तिच्या आवाजात लिहिल्यासारखं वाटलं. खोडून माझ्या शब्दांत लिहून पाहिलं. तेच झालं.

२५ मे
गिऱ्हाईक नाही. परेशच्या मित्राने व्हिडिओ टाकला आहे. निकेशने दाखवला. त्यात मी दिसत नाही, पाटी स्पष्ट दिसते. कागद मी काढून टाकला. पाटी राहू दे.

१ जून
वर्षश्राद्ध झालं. किल्ली निकेशला दिली. त्याने घेतली नाही, टेबलावर ठेवली. मी पुन्हा त्याच्या हातात दिली. ठरलं होतं.
झेरॉक्सवाला माप घेऊन गेला. पाटी नको म्हणाला.

सामान आवरताना निकेशने कपाटावरचा जुना हीटर खाली काढला आणि चालतोय का बघायला पिन लावली. लाल दिवा लागला.
त्याने विचारलं, मग नवीन कशाला आणलात? मी म्हणालो, याची कपॅसिटी कमी होती.
कडेचं वॅक्स चकाकायला लागलं. मी बटण बंद केलं. काडी जराशी कलली आहे.
हीटर घरात आणला.