टिंबबाईची कादंबरी

३ फेब्रुवारी, सोमवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, पुन्हा कुठल्यातरी लेखकाची माझ्याविरुद्ध तक्रार. तर म्हणे, "आपल्या मोठ्या लेखकांनी ऐनवेळी हात वर केले. मेमध्ये कादंबरी हवीच. बाई, अठरा वर्षं मुद्रितं तपासताना सगळ्यांना नावं ठेवलीत, आता स्वतः लिहा. सतरा तारखेला आराखडा आणि पहिलं प्रकरण माझ्या टेबलावर!"

चौदा दिवस! चेष्टाच ही. हो म्हणून आले.

४ फेब्रुवारी
बातमी फुटली. टाइपसेटर ओरडला, "टिंबबाई लेखिका होणार! आता अनुस्वार कोण बघणार?" हसा लेको. शब्दावरचं टिंब राहिलं की मला लांबून दिसतं, म्हणून हे नाव. कौतुक तेवढंच. बाकी लेखकांचा पाल्हाळ मी खोडायचा, त्यांनी माझ्या खोडलेल्या ओळींखाली टिंबं देऊन समासात ठणकवायचं – 'राहू द्या', म्हणजे खोडलेलं कायम. की मी मुकाट ठेवायचा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तयारी. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवल्या – आई, बाबा, दादा, मी. विषय पहिल्यापासून एकच आहे. मी चौथीत असताना आई अकरा दिवस घर सोडून गेली होती. कुठे, कुणाकडे, माहीत नाही. परत आली ती हातात नवी छत्री घेऊन, आणि आल्या आल्या दुधाचं करपलेलं पातेलं घासायला बसली. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. आता विचारायला आई नाही.

नवरा चिठ्ठ्या वाचून म्हणाला, "दार उघडताना पडतात गं या."

८ फेब्रुवारी
एक वाक्य. सात वेळा बदललं. संध्याकाळी त्यातला स्वल्पविराम काढला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दादाचा फोन. वहिनीने कान भरले असणार. "आईचं ते कशाला उकरून काढतेस? लोक काय म्हणतील? राहू दे."

राहू दे! नाटकात काम करायचंय – राहू दे. पुढे शिकायचंय – राहू दे. या दोन शब्दांत उभा जन्म गेला माझा. फोन आपटला. मग तासभर रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार
हरले. पहिल्याच पानावरचा छत्रीचा परिच्छेद खोडला. एकच सरळ रेघ, सवयीची. आता ती कुणाचीही आई. प्रकरणात एक चूक सापडणार नाही. जीवही सापडणार नाही.

१७ फेब्रुवारी
दिलं. मालक म्हणाले, "बघतो."

१९ फेब्रुवारी, बुधवार
फाईल परत. माझ्या टेबलावर नुसती ठेवलेली. उघडली तर पहिल्याच पानाच्या समासात लाल पेन्सिलीने दोन शब्द – राहू द्या.

म्हणजे यांचंही तेच! दादा काय, मालक काय, सगळे एका माळेचे मणी. डोळे असे भरून आले की पुढचं काही दिसेना. फाईल मिटली, तशीच केबिनमध्ये गेले. म्हटलं, "मला नाही जमणार. दुसरं कुणी बघा." मालक काहीतरी म्हणत होते – "अहो बाई, तो परिच्छेद..." ऐकायला थांबलेच नाही. घरी येऊन चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. नवरा म्हणाला, "चला, सुटलीस." त्याचं तोंड बघवेना.

२१ फेब्रुवारी
मोठे लेखक परतले. करारावर सही झाली. मेमध्ये त्यांचीच कादंबरी. मुद्रितं कुणी तपासायची? मीच!

२२ फेब्रुवारी, शनिवार
फाईल रद्दीत घालायला काढली. चष्मा लावला होता. छत्रीच्या परिच्छेदाखाली, माझ्या रेघेखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बारीक लाल टिंबं आहेत.