लिंदाउराचे हात

गोयानिया, ३ मार्च १९९६

ती. दाल्वाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात बिस्किटांच्या भट्टीची खबर आहे, शेजारच्या डुकराने उपटलेल्या कसाव्याच्या कंदांची आहे, दाजींच्या गुडघ्याचीही आहे. पोटच्या पोरीची मात्र नाही. ती मला काल बसस्टँडवर तुमच्या गल्लीतल्या शिंपिणीने सांगितली. लिंदाउराच्या बोटांवर आणि ओठांभोवती कोड फुटलंय, त्याला दीड वर्ष झालं आणि आता ते मनगटापर्यंत चढलंय, असं ती बाई पेरू खात खात सांगत होती. मी आपली सगळं ठाऊक असल्यासारखी मान हलवत राहिले.

ताई, मी कातडीच्या दवाखान्यात अकरा वर्षं परिचारिका आहे. रोज असे वीस-पंचवीस हात माझ्या हातात येतात. आणि माझ्याच भाचीचे हात मला परक्या बाईने दाखवावेत? तुझी सासू आंब्रोझिनाबाई म्हणते म्हणे की पोरीने आंब्यावर दूध प्यायलं, म्हणून हे झालं. तिला सांग, तसं असतं तर अर्धा देश पांढरा झाला असता. आणि तिच्या त्या दारूत मुळी भिजवलेल्या बाटल्या असतील त्या नाल्यात ओत. मला असल्या गोष्टी घरात नकोत.

पोरीला घेऊन ये. आमच्या डॉक्टर तेल्मा सरळ बोलणाऱ्या आहेत. नुसतं मलम लावून भागतं का ते बघतील, नाहीतर गोळी आणि मोजून ऊन, किंवा इथल्या दिव्याखाली उभं करतील. डाग वाढायचा थांबला असेल तर मांडीची कातडी काढून लावतात, पण ते फार पुढचं. चेहरा लवकर भरतो, बोटांची टोकं हट्टी असतात, हे आधीच सांगून ठेवते. हा रोग शिवल्याने लागत नाही, हेही सांगून ठेवते, कारण ते तुलाही सांगायची गरज आहे असं मला वाटायला लागलंय.

रागाने लिहिलंय. लोभ त्याच्या खालीच आहे, उकरून घे.

तुझी,
इवोनी


सेर्रा-मान्सा, ३१ मार्च १९९६

चि. इवोनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे आलो, बसलो, दाखवलं आणि परत आलो. पोहोचल्याचं कळवते. तुझे पांढरे बूट आणि पांढरा झगा बघून लिंदाउरा फार खूश झाली. मला मात्र तू डॉक्टरांसमोर असं वागवलंस की मी जणू झाडावरून नुकतीच उतरले आहे. डॉक्टर विचारायच्या मला आणि उत्तर द्यायचीस तू. असो. थोरली बहीण असले तरी शिकलेली नाही, हे मी विसरले होते, तू आठवण करून दिलीस.

गोळ्या नेमाने चालू आहेत. सोमवारी आणि गुरुवारी गोळी, दोन तासांनी परसात दहा मिनिटं ऊन, मग दिवसभर काळा चष्मा आणि लांब बाह्या. घड्याळ लावून मी स्वतः उभी राहते. सासूबाईंच्या बाटल्या ओतून टाकल्या, तेव्हा तू निश्चिंत राहा.

तू विचारलं होतंस मी कळवलं का नाही. तर ऐक. आमची चीजची बिस्किटं घेणारी सात घरं एकेक करून थांबली, कारण पीठ लिंदाउरा मळते. तोंडावर कुणी बोललं नाही. एकीला म्हणे गॅस होतो, दुसरीचा नवरा चीज खात नाही. चाळीस वर्षं खात होता. आता पीठ मी मळते, आणि पोरीला भट्टीमागे ठेवते. हे मी कुठल्या तोंडाने लिहू?

आणि वर हे बघ. यंदा दिविनोच्या, पवित्र आत्म्याच्या, सणात आमच्या गल्लीचं निशाण कुणी धरायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिलीच चिठ्ठी लिंदाउराची निघाली. मे महिन्यातले चार शनिवार दारोदार फिरायचं आणि शेवटी सणाच्या मुख्य दिवशी, पेन्तेकोस्तच्या रविवारी, देवळात. दरेक घरातली माणसं त्या लाल कापडावरच्या कबुतराला ओठ लावणार, आणि काठी धरणार ही. सासूबाईंनी पांढरे हातमोजे शिवून आणले आहेत. लिंदाउरा म्हणते, मोजे घालून निशाण धरायचं तर काठी कुंपणाला बांधा, माझं काय काम. ती पंधरा वर्षांची आहे आणि तुझ्यासारखी बोलते. मी दिविनोकडे एवढंच मागितलंय की सणाच्या आत हात भरू देत.

बाकी ठीक. लहान बहिणीने रागवावं, पण विसरू नये.

तुझी,
दाल्वा


गोयानिया, १४ एप्रिल १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांसमोर बोलले ते चुकलं असेल. तू तोंडात गुळणी धरून बसतेस, म्हणून मला बोलावं लागतं.

पण सणाच्या आत हे तू कुठून काढलंस? डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, तेही आशेवर. हात म्हणजे बिस्किटं नव्हेत, भट्टी फुंकली की लवकर फुगतील असं नाही. लिंदाउराला सांग, मावशी तिच्या बाजूने आहे. त्या मोज्यांनी भट्टीतला तवा उचला.

निशाणाच्या दिवशी गोळी नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. पत्राची वाट बघते आहे, आणि त्याबरोबर बिस्किटांचीही.

तुझी,
इवोनी


सेर्रा-मान्सा, ८ मे १९९६

इवोनीस,

आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही.

तुझ्या गोळीने माझी पोर भाजली. शनिवारी निशाण घेऊन निघाली, बिनमोज्यांची, सकाळी आठ ते अकरा. एकतीस घरं झाली. रविवारी हात लाल झाले, सोमवारी उठली तेव्हा बोटांवर आणि ओठांभोवती फोड, पेकीच्या फळातल्या बियांएवढे टपोरे. बोटं मिटत नाहीत. चमचा धरता येत नाही, मी भरवते आहे. पांढऱ्या जागा सगळ्यात जास्त भाजल्या. ताप होता, काल उतरला. इथल्या आरोग्यकेंद्रातली बाई मलम देऊन म्हणाली की शहरातली औषधं शहरातच ठेवावीत.

गुरुवारी गोळी दिली होती, शनिवारी नव्हती. कागदावर लिहिलंय तसं मी अक्षर न् अक्षर पाळलं. आता तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार की हे कसं झालं, आणि विचारून झालं की तुझ्या पांढऱ्या बुटांत पाय घाल आणि इथे येऊन हिच्या डोळ्यांत बघ. गल्लीत म्हणतायत की दिविनोला ते हात चालले नाहीत. आमच्याच पाद्र्यांची स्वयंपाकीण म्हणाली. मी तिच्या अंगावर धावून गेले, तुझ्या दाजींनी धरलं.

तुझ्यावर विश्वास ठेवला ही माझी चूक.

दाल्वा


गोयानिया, १३ मे १९९६

ताईस,

मीही वि. वि. लिहीत बसत नाही.

पत्र वाचून पळत डॉक्टर तेल्मांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की गुरुवारच्या गोळीचा जोर शनिवारपर्यंत राहत नाही, पोरीच्या पोटात शनिवारी सकाळी दुसरं काहीतरी गेलेलं आहे. मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे मामाकादेलाची मुळी मिळते का. मी म्हटलं, माळावर जिथे तिथे. तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या मुळीत आणि आमच्या गोळीत एकाच जातीचं औषध आहे, ताई. कातडीला ऊन पकडायला लावणारं. कारखान्यात ते तोळामाशाने मोजतात आणि आंब्रोझिनाबाई मुठीने मोजतात, एवढाच फरक. मुळी पोटात घेऊन तीन तास उन्हात फिरलं तर कुणीही भाजेल.

पुढचं लिहिताना मला माझीच चीड येते आहे. मार्चमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, घरचं काही औषध चालू आहे का. तू तोंड उघडलंस हे मी पाहिलं होतं. आणि मीच म्हणाले की आमच्या घरात असलं अडाणी काही चालत नाही. अकरा वर्षं मी त्या टेबलाशी बसते, त्या प्रश्नाचं उत्तर रोग्यालाच देऊ द्यावं इतकी अक्कल मला नाही. म्हातारी मुळीच्या बाबतीत बरोबर होती आणि मी हसत होते.

पण ताई, तू लिहिलंस बाटल्या ओतल्या. ओतल्या होत्यास का? देवाशपथ खरं लिही. मला नाही, डॉक्टरांना कळायला हवं.

फोड फोडू नका. उन्हात नेऊ नका. गोळी आणि मुळी दोन्ही बंद.

इवोनी


सेर्रा-मान्सा, १७ मे १९९६

चि. इवोनीस,
आशीर्वाद.

नाही ओतल्या. मागे कोंबड्यांच्या खुराड्याशी ठेवल्या. सासूबाई रोज सकाळी कॉफीच्या कपात अर्धा कप द्यायच्या. मी बघायचे आणि चूल फुंकत राहायचे. त्या शनिवारी त्यांनी भरून कप दिला, सण जवळ आला म्हणून. तेही मी पाहिलं.

मला वाटायचं, एकाने नाही तर दुसऱ्याने भरेल, दोन्हींनी मिळून लवकर भरेल. तू हसशील म्हणून सांगितलं नाही, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं हे, की मला माझ्या पोरीच्या हातांची लाज वाटत होती. निशाणापाशी लोक मान फिरवतील या भीतीने मी तिला जळू दिलं. सासूबाई अडाणी असतील, त्या तिच्यासाठी करत होत्या. मी माझ्यासाठी करत होते.

फोड बसले. कातडी सुटते आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तुझी पत्रं आणि माझ्या पत्रांचे खर्डे ज्या डब्यात असतात तो तिच्या खाटेखाली सापडला, म्हणजे तिने सगळं वाचलंय. तू म्हणशील त्या गाडीने तिला पाठवते, पण जरा धीर धर.

तुझी,
दाल्वा


सेर्रा-मान्सा, २७ मे १९९६

ती. इवोनीमावशीस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद दे.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण अंगठ्याची कातडी अजून ओली आहे. हे पत्र आईलाही वाचून दाखवणार आहे, तेव्हा एकाच पत्रात दोघींशी भांडून घेते.

डब्यातली सगळी पत्रं मी वाचली. माझ्या हातांबद्दल तुम्ही दोघींनी एवढं लिहिलं, पण लिंदाउराला काय हवंय हा प्रश्न एकाही पत्रात नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही तिथेच बसले होते. मला माहीत होतं मी काय पिते. तू मला बोलू दिलं नाहीस, आई बोलली नाही, आणि मी दोघींकडे बघून गप्प बसले. त्याचा राग मला माझाही आहे. तुमचा जास्त आहे.

मधले दोन शनिवार शिंपिणीच्या मुलीने निशाण फिरवलं. चौथ्या शनिवारी मी अंगणातल्या सावलीतून सांगितलं की उद्या मीच धरणार. आजीने मोजे आणून दिले. मी ते तिलाच परत दिले आणि म्हटलं की ज्याला माझ्या हातांची भीती वाटते त्याने घालावेत.

काल संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ढोलकीवाले पुढे आणि मी मागे अशी गल्लीतून निघाले. लोक आले. काही जण कापडाच्या टोकाला ओठ लावत होते, माझ्या हातांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. मी सगळ्यांना जाऊ दिलं. शेवटी आमचं घर. आजी पुढे आली आणि तिनेही निशाणाला लटकणारी लांबची फीत उचलली. तिने, मावशी, जिने मला मुळी पाजली. तेव्हा मी निशाण मागे घेतलं. ती फीत तिच्या बोटांतून सुटली. ढोलकी थांबली. मी तिला सांगितलं की माझ्या हातापाशी ये, नाहीतर यंदा चुंबू नकोस. आख्खी गल्ली बघत होती. आजी रडायला लागली तरी मी हलले नाही, मला वाईट वाटत होतं तरी हलले नाही. मग आईच पुढे झाली. डाग उठल्यापासून तिने चारचौघांत माझा हात धरला नव्हता. तिने काठीवर, माझ्या सोललेल्या बोटांवर, आपली बोटं ठेवली आणि तिथेच कापडाला ओठ लावले. मग आजीनेही लावले. देवळापर्यंत आईने काठी सोडली नाही.

म्हणून माझा राग गेला असं समजू नका. जाईल तेव्हा जाईल. बिस्किटांचं पीठ आजपासून मी मळते. ज्या सात घरांना नको त्यांनी उपाशी राहावं.

आता माझं ठरलेलं. जूनच्या सुट्टीत मी येईन. ओठांभोवतीचं मला नको आहे. आरशात बघताना मला त्रास होतो, तो माझा त्रास आहे, गल्लीचा नाही. त्याला मलम चालेल का, दिवा चालेल का, किती महिने, किती खात्री, हे मी स्वतः डॉक्टरांना विचारीन आणि तू शेजारी बसून ऐकशील. हातांना काही करायचं नाही. टोकं हट्टी आहेत असं तूच लिहिलंस, मीही आहे. आजीला बरोबर आणते आहे. मुळी किती मुठी घालते ते डॉक्टरांना तिने स्वतः सांगावं, म्हणजे गल्लीत आणखी कुणी भाजणार नाही.

बिस्किटं पाठवते आहे, मीच मळलेली. दवाखान्यात वाट आणि कुणी मळली ते सांगून वाट.

लोभ असू दे, पण यापुढे माझ्या अंगाबद्दलचं पत्र माझ्या नावाने पाठव.

तुझी भाची,
लिंदाउरा