उजवा दाखवला आहे, डावा उलट

प्रिय हार्लनराव,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तरी गप्प बसतो का? इकडे आयोवात सगळं ठीक. (ठीक म्हणजे काही करपत नाही, कारण मी शिजवतच नाही.) तुमची बहीण जाऊन आठ महिने झाले, तरी चर्चमधल्या बायका नूडल्सचे डबे आणून देतात. आर्डिसच्या स्वयंपाकाला मी चाळीस वर्षं नावं ठेवली. ते सगळे शब्द मागे घेतो.

पत्राचं कारण विमान. खोक्यांतून सुटं आलेलं, सहा वर्षं आम्ही दोघं ते गॅरेजात जोडत होतो. वाचायची ती, ठोकायचा मी. कधी ती जोडणीचा नकाशा घेऊन सरळ टेबलाखाली शिरायची आणि तिथून ओरडायची, "अरे व्हर्डेल, हे चित्र खालून काढलंय, तू वरून काय बघतोस!" आता टेबलाखालून कोणी ओरडत नाही, म्हणून गाडी पंखातल्या दोन कोनांपाशी अडली. (कोन म्हणजे चालवायच्या दांड्याची ओढ पंखांच्या हलत्या पट्ट्यांपर्यंत नेणारे पत्र्याचे तुकडे.) कागदावर एकाच कोनाचं चित्र, आणि खाली एकच ओळ: 'उजवा दाखवला आहे, डावा उलट.' उलट म्हणजे कसा? आडवा, उभा, की विमानासकट? हातात घेतले तर दोघे जुळे भाऊ, एक भोक तेवढं नखभर सरकलेलं. मी पुठ्ठ्याचे कोन कापून न्हाणीघरातल्या आरशासमोर धरले. आरशाने उजव्याचा डावा केला, ते ठीक. पण मलाही डावरं केलं, आणि दाढी न केलेला तो म्हातारा बघून मी दिवाच मालवला. (तीन दिवस असे गेले.) शेवटी जे बसलं ते बसवलं.

मंगळवारी फिलिस कुबिचेक टपकली. आमच्या क्लबात विमानं तपासते. सत्तरीची बाई, पण टॉर्च दातांत धरून पंखात डोकं घालते. मला म्हणाली, आत बस आणि दांडा उजवीकडे ने. मी नेला. तिने दातांतला टॉर्च काढला.

"व्हर्डेल, कुठे नेलास?"

"उजवीकडे."

"विमान डावीकडे कलायला निघालंय. चाकं जमिनीवरून सुटली असती ना, की पुढच्या रविवारी मी तुझ्या नावाने नूडल्स शिजवत असते."

मी हसलो. ती हसली नाही. रंगाच्या डब्यावर बसून माझ्याकडे बघत राहिली, मग चष्मा पुसत बसली.

असो. कोन काढून ठेवलेत. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
व्हर्डेल

ता. क. आलात तर वाचायचा चष्मा विसरू नका. नकाशातली अक्षरं मुंगीएवढी आहेत.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट खोटी लिहिली. ते चित्र मला नंतर कळलं होतं. फिलिस यायच्या बारा दिवस आधी मी एकटाच आत बसून दांडा हलवला होता, आणि पंखांच्या पट्ट्या उलट्या फिरताना पाहिल्या होत्या. काही दुरुस्त केलं नाही. घरात गेलो आणि कॅलेंडरवर, आता पुढच्या आठवड्यात येणाऱ्या शनिवारच्या चौकटीत, 'पहिलं उड्डाण' असं लिहिलं. फिलिसला मी बोलावलं नव्हतं. जाताना तिने विमानाची किल्ली मागितली. मी दिली, आणि देताना हात हलका झाला.

हार्लनराव, त्या शनिवारच्या आत या. बोलायला काही नसलं तरी चालेल, नुसते घरात बसा.