नक्षीकाराचा सत्कार

ती. मामांस,

कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग जमणार नाही. बसल्या बसल्याच नमस्कार करते, गोड मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? (मामी काय म्हणते ते विचारत नाही, तिचा रोज फोन असतो.) पत्राला खास कारण काहीच नाही. सहज आठवण आली, म्हणून लिहायला बसले. आता चष्मा सरसावून आधी शेवट वाचू नका, तुमची खोड मला माहीत आहे.

आमच्या ग्रंथालयात मागच्या अंगाला जुन्या, दुर्मिळ पुस्तकांची खोली आहे ना, तिच्यावर गंडांतर आलं होतं. तिकडे वर्षभरात एकच गृहस्थ फिरकले आणि तेही स्वच्छतागृह शोधत. झालं! अध्यक्षांनी फर्मान काढलं की पुस्तकं गोण्यांत भरून गोदामात धाडा आणि तिथे कार्यक्रमाच्या खुर्च्या रचा. (अध्यक्षांचा सिमेंटचा व्यापार आहे, त्यामुळे गोणी हाच त्यांच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांवरचा उपाय.) मामा, माझा जीव आहे हो त्या खोलीत. मी हातापाया पडले, भांडले, शेवटी रडलेसुद्धा. तेव्हा ते म्हणाले, त्या पुस्तकांचा एक तरी उपयोग दाखवा, मग बघू.

मग मी कार्यशाळा भरवली. जुन्या पुस्तकातलं चित्र संगणकात घ्यायचं आणि लेसरच्या यंत्राने ते पातळ लाकडात कापून वस्तू करायची. शिकवायला एक चुणचुणीत मुलगी आली. तिचं खरं नाव कुणी विचारलंच नाही, सगळे तिला लेसरताई म्हणतात. आणि काय सांगू मामा, माणसं आली! एका आजींनी पक्ष्यांच्या पुस्तकातलं घुबड कापून किल्ल्या अडकवायला नेलं. आमचे दातांचे डॉक्टर तर दवाखाना बंद ठेवून यायला लागले. (पेशंट गाल धरून इथे आले, तर त्यांच्याही हातात सँडपेपर देत.) खोलीभर जळक्या लाकडाचा वास, आणि पानाला हात लावण्याआधी माणसं स्वतःहून हात धुताहेत! हे बघून मला असं भरून आलं की मी उगीचच कपाटं पुसत बसले.

आता अध्यक्षांना दाखवायला काहीतरी दणदणीत हवं होतं. एका जुन्या सुताराच्या नक्षीच्या पुस्तकात खिडकीची एक जाळी आहे, बारीक बारीक भोकांची, बघतच राहावं अशी. पण त्या पानाला कसर लागलेली. किड्याने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वेडीवाकडी वाट कुरतडत नेली होती. डॉक्टरांनी भिंगातून तपासून कीड खोलवर गेल्याचं निदानही केलं. लेसरताई म्हणाली, एकेक ठिकाण हाताने दुरुस्त करावं लागेल, दोन दिवस द्या. पण मी कसली ऐकते! ती जेवायला गेली तेवढ्यात मी संगणकाला हुकूम सोडला की मुगाच्या दाण्याहून लहान असेल ते प्रत्येक भोक बुजव. किड्याचा बंदोबस्त झाला म्हणून खुशीत यंत्राचं बटणही दाबलं.

यंत्र बिचारं सांगकामं. सुताराची भोकं सगळी मुगाहून लहान, ती एकजात बुजली. किड्याची वाट मात्र सलग आणि चांगली लांबलचक, ती शाबूत राहिली. फळी बाहेर आली तेव्हा जाळीचा मागमूस नाही आणि मधून किडेमहाराजांचा प्रवास अगदी वळणावळणासकट कोरलेला! मी कपाळावर हात मारला. फळी टेबलाखाली सरकवतेय न सरकवतेय तोच दारात अध्यक्ष उभे.

त्यांनी फळी हातात घेतली. खिडकीशी नेली, उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली. लेसरताई छताकडे बघत होती आणि डॉक्टर तोंडात रुमाल कोंबून. मी मनातल्या मनात गोण्या मोजायला लागले होते. आणि अध्यक्ष म्हणाले, वा! यात एक वेदना आहे. माणूस वाट शोधतो आहे आणि वाट सापडत नाही. म्हणाले, असली चीज आपल्या खोलीत पडून होती आणि मला कुणी सांगितलं नाही? तिथल्या तिथे त्यांनी दिवाणखान्यासाठी एक मोठी फळी सांगितली आणि खुर्च्या जिन्याखाली ठेवायला लावल्या. खोली वाचली, मामा! किल्ली आता माझ्याच पदराला आहे. पुढच्या कार्यशाळेची नावं आत्ताच भरलीत. कंबर सोडली तर माझं सगळं उत्तम चाललंय.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा, नुसतं शेजारी ठेवून उपयोग नाही.

तुमची
भाची

ता. क. अध्यक्षांनी नक्षीकाराचं नाव विचारलं होतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ! पण गोण्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी म्हणाले, ते फार अबोल आहेत, कुठे जात-येत नाहीत. यावर अध्यक्ष म्हणाले, मग आपणच त्यांना आणू, येत्या रविवारी सत्कार करू. पत्रिका छापायला गेली आहे.

ता. ता. क. मामा, तुमची दाढी छातीपर्यंत आहे. चारचौघांत तुम्ही तोंड उघडत नाही आणि फोटोत कायम कसल्यातरी दुःखात दिसता. शनिवारच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलं आहे. मामीला सगळं सांगून झालंय, ती पिशवी भरते आहे. भाषण नाही, काही नाही, नुसतं खुर्चीत बसायचं. प्रेरणा काय होती असं कुणी विचारलंच, तर खाली मान घालून 'पोटासाठी केलं' एवढंच म्हणा. तेवढं तरी खरं असेल.